मदत हवी आहे: शाळा सुटलेल्या मुलांना दहावीला कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,
मुंबईत सेलेशियन फादर (डॉन बॉस्को शाळा चालवणारे कॅथलिक धर्मगुरू) शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग घेतात. तिथे आठवड्यातून दोनदा गणित शिकवायला जाणार आहे. मुलं १५ ते १७ वयाची, कुणी गॅरेजात, कुणी केटरिंगला जाणारी. दोघांकडे शाळा सोडल्याचा दाखला नाही. १७ नंबर (राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायचा फॉर्म) भरावा की एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय)? सुरुवात कुठून करू? मी ख्रिस्ती नाही, त्याने काही अडेल का?

पाढेवाला:
१७ नंबरला दाखला लागतोच. हरवला असेल तर आधी जुन्या शाळेत जा, जनरल रजिस्टरवरून दुय्यम दाखला मिळतो. सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. शाळाच सापडत नसेल तर एनआयओएस बरं. १४ वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा हवा, माध्यम मराठी घेता येतं, नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. कामावर जाणाऱ्या पोराला हे फार सोयीचं.

पण एक घोळ हमखास होतो. एनआयओएसमध्ये गणित सक्तीचं नाही, म्हणून लवकर पास व्हावा या हेतूने ते टाळलं जातं. पुढे त्याच मुलाला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं असतं, आणि त्या ट्रेडला दहावीत गणित-विज्ञान लागतं. विषय निवडण्याआधी पुढे काय करायचंय ते प्रत्येकाला विचारा.

सांजवर्ग:
पहिल्या आठवड्यात दहावीचं पुस्तक उघडूच नका. 'असर'च्या (मुलांना वाचन-गणित किती येतं ते पाहणारी 'प्रथम' संस्थेची पाहणी) धर्तीवर प्रत्येकाला वेगळं बसवून तपासा: दोन अंकी संख्या वाचता येते का, ५२ − २७ ही हातच्याची वजाबाकी जमते का, ८६५ ला ७ ने भागता येतं का, दुसरीच्या पातळीचा परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचतो का. चारचौघांत विचारलंत तर न येणारा मुलगा "येतं" म्हणेल आणि पुढच्या आठवड्यापासून दिसणार नाही. भागाकार अडलेल्यासमोर बीजगणित मांडलं की तो फळ्यावरचं सुबक उतरवून घेतो, आणि आपल्याला वाटतं समजलं. वही नको, तोंडी रीत विचारा. केटरिंगवाल्याला ४० ताटांचा अंदाज ३०० ताटांवर न्यायला सांगा, त्रैराशिक तिथेच उभं राहतं.

पाढेवाला:
+१. आधारवरची आणि दाखल्यावरची जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आत्ताच जुळवून घ्या. फॉर्म भरताना कळलं तर दुरुस्तीत मुदत निघून जाते.

मनीषा_ठाणे:
धर्माचं अडू नये. सेलेशियनांचे संस्थापक डॉन बॉस्को यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन खांब: विवेक, धर्म आणि जिव्हाळा. त्यामुळे प्रार्थना असेल, पण शिकवण्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही आणि इतर धर्मांच्या मुलांनी काय करायचं ते फादरांना सरळ विचारून घ्या.

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र त्यांनी मागितलं नाही तरी स्वतःहून काढा. एकट्या मुलाला दार लावून शिकवू नका. मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. कुणी लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी, चाइल्डलाइन: १०९८.