नाताळच्या सुट्टीत घरी सगळ्यांनी बघायला पिक्चर सुचवा

सातारी_गारठा:
साताऱ्यात आता संध्याकाळी स्वेटर घातल्याशिवाय भागत नाही, त्यात पोरांना सुट्टी लागलीय आणि सांगलीची भाचरं पण येणारेत, तर ख्रिसमसचा चांगला पिक्चर सांगा. आई पण बसणारे बघायला.

मिरजकर:
होम अलोन, १९९० चा. पोरं चोरांच्या फजितीवर लोळून हसतात, पण मला त्यातला चर्चचा सीन फार आवडतो. ज्या शेजारच्या म्हाताऱ्याला केविन, म्हणजे घरी एकटाच राहिलेला पोरगा, घाबरत असतो तोच येऊन शेजारी बसतो आणि मुलाशी बोलणं तुटलंय, नातीचं गाणं ऐकायला आलोय असं सांगतो. तिथं आई नक्की पदर डोळ्याला लावणार बघा.

कृष्णाकाठ:
क्लाउस (२०१९) लावा. आळशी पोस्टमन, दोन भांडकुदळ घराणी आणि खेळणी बनवणारा एकटा म्हातारा. हाताने काढलेल्या चित्रांचा आहे, त्यातला उजेड काय सुंदर दिसतो!

जुना_प्रेक्षक:
मोठ्यांसाठी इट्स अ वंडरफुल लाइफ, १९४६, ब्लॅक अँड व्हाइट. आधी पिक्चरमध्ये बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे, ते पायाखाली कुरकुर वाजायचे म्हणून यांनी आग विझवायचा फेस आणि साबण मिसळून नवा बर्फ बनवला, आणि शूटिंग भर उन्हाळ्यात बरं का. सुरुवात संथ आहे पण उठू नका, शेवटचा अर्धा तास काळजाला हात घालतो.

सातारी_गारठा:
भारी! आज रात्री क्लाउस, मोठ्यांचा रविवारी.