‘प्लीज प्लीज मी’ पोरकट?

रॉक बँडांच्या सर्वोत्तम पहिल्या अल्बमांच्या या चर्चेत लेड झेपलिन, डोअर्स, ब्लॅक सॅबथ या बँडांची नावं आलीच आहेत, त्यावर वाद नाही. पण बीटल्सचा पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३) तुम्ही पोरकट म्हणून मोडीत काढलात, ते काही पटलं नाही. अहो, १४ पैकी १० गाणी ११ फेब्रुवारीच्या एकाच दिवसात रेकॉर्ड झाली आहेत! ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे गाणं त्या दिवशी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते गाणाऱ्या जॉन लेननला सर्दी, घसा बसत आलेला. पहिलाच टेक (म्हणजे पहिल्याच प्रयत्नातलं रेकॉर्डिंग) अल्बमवर गेला; दुसऱ्याला आवाजच उरला नव्हता. तो खरवडून निघालेला आवाज एकदा हेडफोन लावून ऐका. (आमच्या सदाशिव पेठेत तरी स्पीकरवर नको, दुपारी एक ते चार तर नाहीच.) सॅबथचा पहिला अल्बमही साधारण एका दिवसातच उरकला होता, त्याला मात्र कुणी नावं ठेवत नाही. डोअर्सचा पहिला अल्बम उत्तम, पण त्यातलं शेवटचं गाणं जरा लांबतंच.