मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून प्लॅटिनम-पॅलेडियम प्रिंट पिवळे पडताहेत

नमस्कार मंडळी,

इथे सायनोटाइप (निळे फोटो प्रिंट) करणारे बरेच जण दिसतात. प्लॅटिनमवाले, म्हणजे चांदीऐवजी प्लॅटिनम-पॅलेडियमने फोटो छापणारे, दोन-चार तरी असतील, या आशेवर धागा काढतेय.

मी पुण्यातच असते. ८ बाय १० इंची फील्ड कॅमेऱ्यावर काम करते आणि निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच्याच आकाराचे कॉन्टॅक्ट प्रिंट काढते. सध्या विषय आहे वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीतला कातळ. बसाल्ट लांबून काळा दिसतो, पण सकाळच्या तिरक्या उन्हात त्यात करड्याच्या इतक्या छटा निघतात की त्या मला चांदीच्या (नेहमीच्या फोटोच्या) कागदावर कधी मिळाल्या नाहीत. प्लॅटिनमचं चित्र जिलेटिनच्या थरात नसतं, थेट कागदाच्या तंतूंत बसतं, त्यामुळे दगडाला दगडाचाच पोत येतो. तेव्हा 'इंकजेट काढा आणि मोकळ्या व्हा' हा सल्ला कृपया नको, तो घरातून रोज मिळतो.

पद्धत नेहमीचीच. फेरिक ऑक्झलेट (प्रकाशाला संवेदनशील असा लोखंडाचा क्षार), त्यात प्लॅटिनम आणि पॅलेडियम निम्मं निम्मं, ब्रशने लावायचं, वाळवायचं. यूव्ही नळ्यांची पेटी आहे (माशा मारायच्या मशीनमध्ये असतात त्याच निळसर नळ्या, उत्तम चालतात). पोटॅशियम ऑक्झलेटचा डेव्हलपर, मग टेट्रासोडियम ईडीटीएचे (उरलेलं लोखंड काढणारं रसायन) तीन बाथ आणि धुणं.

हिवाळाभर प्रिंट स्वच्छ आले. पावसाळा लागला आणि दुखणं सुरू झालं. पांढऱ्या भागात वरणाच्या पाण्यासारखी पिवळट झाक येते. ओल्यात कळत नाही, वाळल्यावर उघडी पडते. काळाही मेलाय. कपारीत जिथे खोल काळं हवं तिथे राखाडी, आणि भिंगातून पाहिलं तर चट्टेदार.

घोळ असा की तीन गोष्टी एकदम बदलल्यात. हवा दमट झाली. कागदाचा जुना गठ्ठा संपून नवा आला, नाव तेच. आणि सोसायटीत सध्या टँकर आणि बोअरचं मिश्र पाणी येतंय. प्लॅटिनमचे भाव बघता अंधारात तीर मारत बसणं परवडत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा (यूव्ही सोडून कुठलाही चालेल).

---

काळोखी खोली:
पिवळी झाक म्हणजे बहुतेक कागदात अडकलेलं लोखंड. फेरिक ऑक्झलेटमधलं लोखंड आम्ल द्रावणात विरघळून निघून जातं. अल्कली भेटली की त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि मग ते तंतूंना चिकटून बसतं. टेट्रासोडियम ईडीटीए स्वतःच अल्कलाइन, त्यात बोअरचं पाणी. डेव्हलपरमधून प्रिंट काढून नळाखाली धरत असाल तर आधी ते थांबवा. पहिला बाथ सायट्रिक अ‍ॅसिडचा, १-२ टक्के, आणि ईडीटीए त्यानंतर. डेव्हलपरलाही लिटमस लावून बघा. तो किंचित आम्लच हवा, नसेल तर चिमूटभर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड.

डेव्हलपर डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा. जड पाण्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटबरोबर पांढरी कचकच करून तळाशी बसतं. बॅटरीत घालायचं पाणी गॅरेजवाल्याकडे मिळतं तेच.

---

एक प्रेक्षक:
अवांतर: प्लॅटिनमच का? म्हणजे खरंच कुतूहल आहे.

---

धागाकर्ती:
@एक प्रेक्षक, टिकतं म्हणून. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, प्लॅटिनमला काही होत नाही, कागद टिकेल तेवढं चित्र टिकतं. विल्यम विलिसने १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं. पुढे पहिल्या महायुद्धात स्फोटकांना लागणारी आम्लं बनवायला उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम तिकडे वळलं आणि तयार कागद इतका महागला की भल्याभल्यांनी हात टेकले. तेव्हापासून पॅलेडियमला भाव आला.

@काळोखी खोली, आभार. सायट्रिकने झाक कमी झाली, पण गेली नाही. काळा मात्र तसाच मेलेला.

---

निवृत्त मास्तर (रसायनशास्त्र):
मग पाणी बाजूला ठेवा आणि कागदाकडे बघा. हल्ली चित्रकलेच्या बऱ्याच कागदांत तो आम्लाने खराब होऊ नये म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घालतात. जलरंगवाल्यांना ते वरदान आहे, तुमच्या फेरिक ऑक्झलेटला विष. लावताक्षणीच ते बिघडतं, म्हणून काळा उतरत नाही, आणि लोखंडही तिथेच बसतं. तुमच्या दोन्ही तक्रारींना एकच आरोपी पुरतो.

परीक्षा सोपी आहे. कागदाच्या कोपऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले की कार्बोनेट आहे. जुन्या गठ्ठ्याचा एखादा तुकडा उरला असेल तर त्यावरही टाका.

शिवाय एक पट्टी नेहमीसारखी लावून वाळवा आणि एक्सपोजर न देता तशीच डेव्हलप करा. राखाडी आली तर फेरिक ऑक्झलेट शिळं झालंय. पांढरी राहिली तर ते निर्दोष. दोन्ही कामं एकाच संध्याकाळी होतील, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर पुन्हा तिथेच.

---

धागाकर्ती:
मास्तर, नव्या कागदावर थेंब टाकला आणि कडेकडेने फसफस! जुना एक तुकडा पोर्टफोलिओच्या पाठीमागे सापडला, त्यावर काही नाही. पट्टी पांढरी आली. म्हणजे नाव तेच ठेवून आतला माल बदललाय. पाकिटावर एक अक्षर नाही, याचा खरा संताप येतो. इतका महागडा गठ्ठा टाकून देऊ का?

---

निवृत्त मास्तर (रसायनशास्त्र):
टाकू नका. सल्फॅमिक अ‍ॅसिडच्या १० टक्के द्रावणात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग स्वच्छ पाण्यात धुऊन वाळवा. ऑक्झॅलिकनेही होतं, पण त्याचं कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, कागदातच राहतं. सल्फॅमिकचं विरघळून निघून जातं. हातमोजे घाला.

---

पेठेतला फ्रेमवाला:
ताई, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांचा कागद मिळतो, बघितलात का? आधी थेंबाची परीक्षा करूनच घ्या म्हणजे झालं. आणि हवा दमट असताना निगेटिव्ह आणि कागद यांच्यात पातळ मायलार (पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा) घाला. कागदाला ओल असली की फ्रेमच्या दाबाने तो निगेटिव्हला चिकटतो, आणि ८ बाय १० चं निगेटिव्ह एकदा डागाळलं की गेलंच.

---

धागाकर्ती:
मायलार आजच आणते. हातकागद संस्थेत शनिवारी चक्कर मारेन.

आता उरला एकच प्रश्न. सल्फॅमिकमधून काढलेले कागद दोरीवर टांगलेत, पण या हवेत वाळायचं नाव घेत नाहीत. आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर आणायचीय, आमच्याकडच्या आर्द्रतामापकाचा काटा ८० च्या खाली यायला तयार नाही. पंख्याने ओलीच हवा फिरते. डिह्युमिडिफायर कुणी वापरलाय का?

---

काळोखी खोली:
वापरलाय. न्हाणीघराएवढ्या खोलीत छोटं यंत्र पुरतं, दार मात्र बंद हवं. नाहीतर मोठा पत्र्याचा डबा घ्या, तळाशी कॅल्शियम क्लोराइड (ते ओल शोषतं), वर जाळी, जाळीवर कागद. पूर्वी प्लॅटिनमचा तयार कागद विकायचे तोही कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या हवाबंद डब्यातच. फक्त काट्यावर नजर ठेवा. ४० च्या खाली गेलात तर कागद ठणठणीत कोरडा होईल आणि काळा पुन्हा मरेल.