मालगाड्यांच्या फाटकावर एवढा लांब उड्डाणपूल कशासाठी?

वाटसरू
ज्या रेल्वेमार्गावर मुख्यतः मालगाड्या धावतात, तेथील फाटक बंद करून उड्डाणपूल बांधण्याचा एक आराखडा पाहण्यात आला. ओलांडायचे रूळ केवळ दोन असताना पुलाची लांबी पाऊण किलोमीटरच्या घरात का जावी, हे उमगले नाही. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या जात असतील, तर हा खर्च समर्थनीय ठरतो का? भुयारी मार्ग स्वस्त पडणार नाही का?

जुना आरेखक
लांबी रुळांमुळे नव्हे, चढामुळे वाढते. विद्युतीकरण झालेल्या मार्गावरून एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्या जाणार असतील, तर रुळांपासून पुलाच्या तळापर्यंत आठ मीटरच्या आसपास मोकळी उंची लागते. त्यात तुळया आणि स्लॅब यांची जाडी मिळवली की रस्ता साधारण दहा मीटर उंचीवर जातो. भरलेल्या ट्रकला झेपेल असा तीसास एक, म्हणजे तीस मीटर अंतरामागे एक मीटर, चढ धरला, तर प्रत्येक बाजूस ३०० मीटर लागतात आणि चढाच्या पायथ्याशी व माथ्यावर द्यावयाच्या गोलाईचे अंतर निराळेच. रुळांवरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, हा त्यातला सर्वांत छोटा भाग असतो. मात्र त्या गाळ्यात भावी मार्गिकांसाठी जागा सोडली आहे का, हे अवश्य तपासावे, कारण एकदा उभा राहिलेला खांब मागे सरकवता येत नाही.

हिशेबी
गाड्यांच्या नुसत्या संख्येवरून निष्कर्ष काढू नये. दीड किलोमीटर लांबीची मालगाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने गेली, तरी फाटकावरून सरायला ३ मिनिटे घेते. वेग ताशी १० किलोमीटर असल्यास ९ मिनिटे. जवळपास यार्ड असेल, तर गाडी फाटकावरच थांबून राहते आणि तेव्हा रुग्णवाहिकेलाही वाट उरत नाही.

जुना आरेखक
भुयारी मार्गाविषयी लिहायचे राहिले. ट्रकला साडेपाच मीटर उंची पुरत असल्याने उतार आखूड होतो, हे खरे. पण पावसाचे पाणी नेमके तेथेच साचते, पंप कायमचा सांभाळावा लागतो आणि तो बंद पडण्याची वेळ बहुधा मुसळधार पावसाचीच असते. शिवाय धावत्या रुळांखाली काँक्रीटची पेटी ढकलून बसवताना गाड्यांचा वेग उतरवावा लागतो. उड्डाणपुलाच्या तुळया चढवायलाही रेल्वेकडून ब्लॉक घ्यावा लागतो, पण तो काही तासांचा.

माझी खरी चिंता पादचाऱ्यांची आहे. फाटक बंद झाल्यावर पलीकडे जाण्यासाठी कोणी सहाशे मीटर चढ-उताराची पायपीट करत नाही. माणसे रूळच ओलांडतात आणि उभ्या मालगाडीच्या डब्यांखालून वाकून जाण्याचा मोह जिवावर बेततो.

वाटसरू
आभारी आहे. आराखडा पुन्हा पाहिला. पादचारी आणि सायकलस्वारांसाठी त्यात काहीच दाखवलेले नाही. लेखी हरकत त्याच मुद्द्यावर नोंदवतो.