वीरपत्नींना दरवर्षी मंचावर बोलावणं बंद करा

कृष्णाकाठ

माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता. काश्मीरमध्ये कुपवाड्याला कामी आला, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, वहिनीला कुठून ना कुठून सत्काराचं बोलावणं येतं.

यंदा तालुक्याच्या गावी गेलो होतो. नऊची वेळ दिलेली, पाहुणे उगवले पावणेबाराला. पुढच्या रांगेत सहा बायका आणि दोन म्हाताऱ्या आया. मांडव समोरून उघडा, पावसाची झड थेट अंगावर. शेवटी नावं पुकारली, त्यात भावाचं आडनाव चुकलं. शाल, श्रीफळ, ‘ताई, जरा इकडे बघा’ म्हणून फोटो. मग वहिनी मांडीवर नारळ घेऊन चाळीस मिनिटं भाषणं ऐकत बसली. भाऊ कुठल्या डोंगरावर गेला, कसा गेला, याबद्दल त्या भाषणांत एक वाक्य नव्हतं.

लष्कराची रीत बघा. मरणोत्तर पदक देताना आधी साइटेशन वाचतात. कुठली तारीख, कुठला भाग, समोर काय होतं आणि या माणसानं काय केलं. राष्ट्रपती भवनात आई किंवा पत्नी पुढे येते तेव्हा सोबत गणवेशातलं माणूस चालत असतं आणि वाचन पुरं होईपर्यंत सगळं थांबलेलं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात (२०१९ साली झालं ते) संध्याकाळी एका जवानाच्या घरचे येऊन पुष्पचक्र वाहतात. तिथे भाषण नाही. ज्याचं माणूस गेलं, त्याचाच हात पुढे.

म्हणून म्हणतो, घरच्यांचा मान सैन्यानंच करावा. बाकीच्यांनी स्मारकावर फुलं वाहावीत, पण बायकांना मंचावर नेऊ नये.

माजी सुभेदार

दादा, राग समजतो. उपाय पटला नाही.

मी २४ वर्षं पलटणीत काढली. स्थापनादिनाला वीर नारींना निमंत्रण जातं, त्यांची बडदास्तही चांगली ठेवतात. पण पलटण कधी राजस्थानात, कधी सिक्कीममध्ये. आजऱ्याची सत्तर वर्षांची आई तिथवर पोचणार कशी? फार तर मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरला येईल, तेही कुणी आणलं तर. तिच्या लेकाचं नाव वर्षातून एकदा माइकवर येतं ते तालुक्याच्या मांडवातच. तेही बंद करायचं?

आणि आठवण ठेवणं हे एकट्या लष्कराचं काम कधीच नव्हतं. पुण्यात घोरपडीला सदर्न कमांडचं युद्ध स्मारक आहे, १९९८ साली झालं, ते लोकांच्या वर्गणीतून. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावातच आहे. त्याच्याकडे बघत पोरं मोठी होतात आणि भरतीला जातात. लोकांचा हात यातून काढला, तर सगळं छावणीच्या गेटाआत राहील.

वेळ पाळा, नाव नीट वाचा, यासाठी आयोजकांशी भांडा. मीही येतो सोबत.

नाशिककर

सुभेदार साहेब, आणखी एक अडचण सांगतो. निमंत्रण एकाच नावानं येतं. लग्नानंतर ‘नेक्स्ट ऑफ किन’ (सगळ्यात जवळचं नातेवाईक) म्हणून बहुधा पत्नीचं नाव असतं आणि आई-बाप मागच्या खुर्चीत बसतात. कुठे उलटही होतं, सून घरी आणि सासरे मंचावर. आमच्या गल्लीत या एका कारणावरून घर दुभंगलेलं पाहिलंय. मान करायचाच तर दोघांना सारखा करा, नाहीतर कृष्णाकाठ म्हणतात तेच बरं.

पहिली रांग

मी त्याच पहिल्या रांगेतली. माझे मिस्टर २००२ मध्ये, ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे सैन्य पाकिस्तानच्या सीमेवर नेऊन उभं केलं होतं तेव्हा, सुरुंगाच्या स्फोटात गेले. लढाई झालीच नाही, त्यामुळे ते कशात गेले हे अजून लोकांना समजावून सांगावं लागतं.

कृष्णाकाठ दादा, वहिनींच्या वतीनं एवढं लिहिलंत, पण त्यांना विचारलंत का?

मला शालीचा राग नाही, उशिराचाही नाही. राग कशाचा ते सांगते. एका कार्यक्रमात शाळेतली मुलगी कुंकवाची कोयरी घेऊन ओळीनं सगळ्यांना लावत येत होती. माझ्यापाशी थबकली. मागे वळून तिच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी मानेनं ‘नाही’ म्हटलं. मुलीनं कोयरी खाली धरली आणि मला नुसता नारळ दिला. पाठीमागच्या फ्लेक्सवर अक्षरं होती, ‘वीरपत्नींचा सन्मान’.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. असला ठराव आधी करा, मग आम्हाला बोलवा. पण बोलवा. ‘त्रास नको’ म्हणून घरी बसवणारे मला सासरी-माहेरी पुष्कळ भेटले. दादा, तुमचंही म्हणणं घरी बसवण्याचंच आहे, फक्त ते मायेनं आलंय.

माजी सुभेदार

ताई, कोयरीची गोष्ट वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत हे वाचून दाखवणार आहे. तुमची हरकत असेल तर सांगा.

पहिली रांग

हरकत नाही. सगळं वाचा.

कृष्णाकाठ

ताई, विचारलं नव्हतं. काल रात्री विचारलं.

वहिनी भाकऱ्या थापत होती. म्हणाली, ‘मी शालीसाठी जात नाही, शेजारच्या खुर्चीसाठी जाते.’ तिच्या शेजारी दरवर्षी एक बाई असतात, त्यांचे मिस्टर कारगिलला गेले. पाहुणे येईतो त्या दोघी बोलत बसतात. भावाला पत्र लिहायची सवय होती, सुट्टीवरून परतताना तो बॅगेत चटणीचा डबा दडवून न्यायचा, हे सगळं वहिनी त्यांना सांगते. ‘घरी त्याचं नाव काढलं की तुम्ही सगळे गप्प होता. तिथे तसं होत नाही,’ म्हणाली.

मी त्या पावणेतीन तासांचा हिशोब मांडत होतो आणि ती त्यासाठीच जात होती.

पाहुण्यांच्या उशिराबद्दल माझं मत बदललेलं नाही. बायकांना मंचावर नेऊ नये, ते वाक्य मात्र मागे घेतो. पुढच्या जुलैत आयोजकांकडे भावाचं साइटेशन मराठीत लिहून देणार आहे, एका पानात मावेल एवढं. वहिनीनं सांगितलंय की ते आमच्या धाकट्या पुतण्यानं वाचायचं. तो सहावीत आहे, बापाला त्यानं पाहिलेलं नाही. आजपासून त्याला ‘कुपवाडा’ नीट म्हणायला शिकवतोय.