शब्दचर्चा : रेडिओलहरींच्या बाबतीत ‘मौन’, ‘झाकणे’ की ‘लपवणे’?

प्रश्न : परग्रहावर कोणी कान देऊन बसले असेल, तर पृथ्वीवरून बाहेर पडणाऱ्या रेडिओलहरींचा सुगावा त्यांना लागू नये यासाठीच्या उपायांवर लेख लिहीत आहे. ‘रेडिओ मौन’ हा शब्द योजला, पण तो अपुरा वाटतो. ‘प्रसारण लपवणे’ चालेल का?

उत्तर : मौन पाळायचे असते, ज्याला बोलता येते आणि जो ठरवून बोलत नाही, त्याचेच ते. युद्धकाळात जहाजे बिनतारी संदेश बंद ठेवतात, तिथे हा शब्द चपखल बसतो. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून एम-१३ या तारकागुच्छाकडे १६७९ द्विमान अंकांचा (शून्य आणि एक यांचा) संदेश धाडण्यात आला, तेव्हा ब्रिटनचे राजखगोलज्ञ मार्टिन राइल यांनी अशा उद्योगाला जी हरकत घेतली, ती मौनाचीच मागणी होती. मात्र दूरचित्रवाणीचे मनोरे किंवा क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारी रडारयंत्रे यांना आकाशातल्या श्रोत्याशी काही बोलायचे नसते. त्यांचे नेमून दिलेले काम चालू असताना ऊर्जा बाहेर निसटते. तिला ‘गळती’च म्हणावे. ‘उत्सर्जन’ शास्त्रशुद्ध आहे, पण शाळेतल्या उत्सर्जन संस्थेमुळे वाचकाला आधी मूत्रपिंड आठवते. ‘प्रसारण लपवणे’ हा तर वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारे बोलणे झाले.

प्रश्न : मग ‘झाकणे’ कसे वाटते?

उत्तर : झाकायला आवरण हवे. निसर्गाने ते थोडेफार घातलेले आहे, कारण आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, कमी वारंवारतेच्या लहरी बऱ्याच अंशी परतवते. एफएम आणि दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र त्यातून आरपार जातात, आणि ज्या निघून गेल्या त्या प्रकाशवेगाने पुढेच जात असल्यामुळे आता काहीही झाकणे म्हणजे उजाडल्यावर कोंबडे झाकण्यासारखे आहे. कार्यक्रम केबल आणि ऑप्टिकल फायबरमधून जाऊ लागल्याने त्या वाटेची गळती घटते, पण ते काही लपण्यासाठी केलेले नाही.

‘लपवणे’ मी दुसऱ्या कल्पनेसाठी राखून ठेवीन. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड किपिंग आणि अ‍ॅलेक्स टीची यांनी २०१६ मध्ये मांडले की, पृथ्वी सूर्यबिंबावरून सरकताना दूरच्या निरीक्षकाला सूर्यप्रकाशात दिसणारी आणि ग्रहाचा सुगावा देणारी घट वर्षातून एकदा सुमारे १० तास ३० मेगावॅटचा लेझर सोडून दृश्य प्रकाशापुरती भरून काढता येईल. तिथे खरोखरच काही तरी लपवले जाते.

जाता जाता : नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीला जवळपासच्या यंत्रांच्या लहरी नकोशा असतात, पण तिथे त्यांना ‘व्यत्यय’ म्हणणे योग्य, कारण ती ऐकणाऱ्याची तक्रार आहे. आपला लेख सोडणाऱ्याच्या बाजूने असल्याने शीर्षकात ‘रेडिओगळती रोखणे’ घ्यावे आणि हेतुपुरस्सर संदेशांच्या परिच्छेदात ‘रेडिओ मौन’ राहू द्यावे.