दोन जिवांची, पण ताट किती? सोलापूरकरणींनो, तुमचं सांगा

सातरस्ता: सहावा संपत आलाय. आधी 52 किलोची होते, आज काट्यावर 57. डॉक्टरीणबाई म्हणतात, छान चाललंय. तुमच्या उंची-वजनाला नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढायला हवं, त्यातलं बरंचसं पुढेच वाढतं. सासूबाई म्हणतात, पोट दिसतच नाही, दोघांचं जेव. रोज तुपात निथळणारी शेंगापोळी समोर येते. पहिल्या दिवशी आवडली, आता ताटाचा आवाज आला की मी झोपेचं सोंग घेते. तुमचं किती वाढलं, काय खाल्लंत? सल्ले भरपूर आहेत, घडलेलं लिहा.

कडकभाकरी: मी दोघांचं जेवले बाई. सहाव्यात ग्लुकोजचं पाणी पाजलं, 75 ग्रॅम, ओकारी आवरत प्यायले. दोन तासांनी साखर 168. 140 च्या आत हवी होती. मला वाटायचं, जोंधळाच तर आहे, भाकरी कितीही चालते! तीन भाकरी आणि वर भात. आहारतज्ज्ञ बाईंनी मला कागदावर ताट काढायला लावलं आणि त्यातली दीड भाकरी अन् सगळा भात खोडला. त्या जागी मटकीची घट्ट उसळ, शेपू नाहीतर तांदूळजा, वाटीभर दही. शेंगाचटणी दह्यात कालवून, तेल ओतून नाही. हे सर्वांत जड गेलं. जेवून गच्चीवर फेऱ्या. साखर गोळी-इन्सुलिनविना ताब्यात राहिली, मुलगी तीन किलोची झाली.

हुरडाप्रेमी: माझं उलटं. पहिल्या तीन महिन्यांत तीन किलो उतरले. फोडणीचा वास आला की मोरीकडे धाव. उशाशी चुरमुऱ्यांचा डबा असायचा, उठायच्या आधी चार दाणे तोंडात. चौथ्यात थांबलं आपोआप.

पूर्वभाग: टाइप मी करतेय, सांगतेय आई. "तुझ्या वेळी रोज हजार विड्या वळायची. पोट वाढलं तसं मांडीवरचं सूप पुढं सरकत गेलं. जेवण म्हणजे भात आणि चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, बाकी दिवसभर चहा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पावणेआठ. मी म्हटलं, लोहाची लाल गोळी रोज घेते की! सिस्टरनी विचारलं, कशाबरोबर? चहाबरोबर. तिनं कपाळाला हात लावला. चहानं लोह अंगी लागत नाही म्हणाली. मग लिंबूपाण्याबरोबर सुरू केली, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. तंबाखूला हात लावू नको म्हणाली. हजारीचे पैसे बुडाले, अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, महिनाभर बोलल्या नाहीत. तू झालीस सव्वादोन किलोची."
आता मला चौथा आहे. आई रोज दोन उकडलेली अंडी घेऊन समोर बसते, संपेपर्यंत उठत नाही.

मंगळवेढेकरीण: आठव्यात एका आठवड्यात दोन किलो वाढले. सगळे खूश, बाळ धरतंय म्हणे. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा मनगटात रुतला, साबण लावूनही निघेना. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे. एका दवाखान्यात ऊन बाधलंय म्हणून परत पाठवलं, बीपीही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीनं दुसरीकडे ओढत नेलं. बीपी 160/110, लघवीत प्रथिनं. ते वजन बाळाचं नव्हतंच, अंगात साठलेलं पाणी होतं. 35 व्या आठवड्यात सीझर झालं. चुडा कापूनच काढला. पोरगा आता सात वर्षांचा आहे, हुरड्याला सगळ्यांच्या आधी बसतो. बायांनो, अंगठी एकदम घट्ट झाली तर सोमवारच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी बीपी बघून घ्या.

सातरस्ता: सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. लाल गोळीपर्यंत गप्प ऐकत होत्या, मग उठून माझ्या हातातला चहाचा कप काढून नेला. आज शेंगापोळी अर्धीच आली. उरलेली सासऱ्यांनी खाल्ली, आणि त्यांना साखर आहे. सध्या स्वयंपाकघरात त्यावरून जुंपलीय.